मुंबईतील फुटबॉल स्टेडियमचा प्रश्न

मुंबईतील फुटबॉल स्टेडियमचा प्रश्न हा मुंबई सिटी एफ.सी. या शहरातील व्यावसायिक फुटबॉल संघाच्या घरच्या मैदानाशी निगडित आहे. इ.स. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाच्या मालकीचे स्टेडियम नाही. संघ आपले घरचे सामने अंधेरी पश्चिम येथील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातील मैदानावर खेळतो. हे मैदान ‘मुंबई फुटबॉल अरेना’ या नावाने ओळखले जाते आणि संकुल बृहन्मुंबई महानगरपालिकेचे आहे. संघाने स्वतःचे नवे स्टेडियम बांधावे, की आहे त्या सार्वजनिक मैदानाचाच विस्तार व्हावा, हा या प्रश्नाचा गाभा आहे. जमिनीची टंचाई, बांधकामाचा खर्च, प्रेक्षकसंख्या, लीगचे स्थैर्य आणि सार्वजनिक मैदानांवरील नागरिकांचा हक्क असे पाच मुद्दे त्यात गुंतलेले आहेत.

पार्श्वभूमी

मुंबईतील फुटबॉलचा इतिहास दीर्घकाळ एकाच मैदानाभोवती फिरत राहिला. दक्षिण मुंबईत ओव्हल मैदानाजवळ असलेले कूपरेज हे ते मैदान होय. पिंपे तयार करणाऱ्या कारागिरांच्या जागेवरून या भागाला हे नाव मिळाले. इ.स. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही भारतातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक असून तिचे सामने कूपरेजवर होत असत. सुरुवातीची अनेक वर्षे या स्पर्धेवर ब्रिटिश लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. इ.स. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकून हा चषक प्रथमच भारतीय संघाकडे आणला.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फुटबॉलला आधार मिळाला तो कंपन्यांच्या संघांचा. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया आणि महिंद्र या संघांतील खेळाडू बहुधा त्या त्या कंपनीचे नोकरदार असत. सामायिक मैदानावर खेळणे ही तेव्हाची सर्वमान्य रीत असल्यामुळे या संघांना स्वतःच्या स्टेडियमची गरज भासली नाही. इ.स. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे याच काळातील मुंबईचे खेळाडू. वांद्रे येथील एका फुटबॉल मैदानाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

कंपन्यांचे संघ एकामागून एक बंद पडत गेले. इ.स. २००५-०६ चे राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळवणारा महिंद्र युनायटेड हा संघ इ.स. २०१० मध्ये विसर्जित झाला. इ.स. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफ.सी. या संघाला कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात आपले ‘घरचे’ सामने पुण्यातील बालेवाडी येथे खेळावे लागले. इ.स. २०१७ मध्ये तोही बंद झाला. मुंबईच्या संघाने मुंबईबाहेर घर शोधण्याचा प्रसंग मुंबई सिटीच्या आधीच येऊन गेला होता, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

मुंबई सिटीची घरची मैदाने

इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दोन हंगामांत (२०१४ व २०१५) मुंबई सिटीचे सामने नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. हे स्टेडियम प्रशस्त असले तरी मुळात क्रिकेटसाठी उभारलेले आहे. क्रिकेटचे मैदान अंडाकृती आणि फुटबॉलचे आयताकृती असल्यामुळे अशा स्टेडियममध्ये प्रेक्षक आणि खेळ यांत बरेच अंतर राहते. बोरिवली, मालाड किंवा मढ येथील प्रेक्षकाला कामाच्या दिवशी नेरूळ गाठून रात्री परतणे सोयीचे नव्हते.

इ.स. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला. त्याच वर्षी ३ सप्टेंबर रोजी येथे भारत आणि प्वेर्तो रिको यांच्यात आंतरराष्ट्रीय सामना झाला. मुंबईत असा सामना ६१ वर्षांनी होत होता. भारताने तो ४-१ असा जिंकला. अंधेरीच्या मैदानाची आसनक्षमता जेमतेम सात-आठ हजारांची आहे. आसने मैदानाच्या जवळ असल्यामुळे थोडे प्रेक्षकही मोठा आवाज उठवतात. वर्सोवा ते घाटकोपर या मेट्रो मार्गावरील आझाद नगर स्थानक येथून जवळ आहे. मढच्या रहिवाशाला तरीने खाडी ओलांडून वर्सोवा आणि तेथून मेट्रोने आझाद नगर असा मार्ग उपलब्ध होतो. रस्त्याने यायचे तर मार्वे-मालाडचा मोठा वळसा पडतो.

साथरोगामुळे इ.स. २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम गोव्यात झाले. यातील पहिल्या हंगामात मुंबई सिटीने साखळी फेरीतील अग्रस्थानासाठी दिली जाणारी शील्ड आणि अंतिम सामन्यातील विजयाचा चषक अशी दोन्ही बक्षिसे पटकावली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे झालेल्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानवर २-१ असा विजय मिळाला, परंतु प्रेक्षकसज्जे रिकामे होते. संघाने इ.स. २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड आणि इ.स. २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक जिंकला. दुसऱ्या चषकाचा अंतिम सामना कोलकात्यात झाला. अशा रीतीने संघाने दोन्ही चषक मुंबईबाहेर उंचावले.

इ.स. २०२३-२४ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मैदानाचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. देशांतर्गत लीगचे सामने अंधेरीत खेळणाऱ्या संघाने या स्पर्धेतील घरचे सामने अन्यत्र खेळले. इराणच्या नस्साजी माझंदरान आणि उझबेकिस्तानच्या नवबहोर या संघांविरुद्धचे सामने पुण्यातील बालेवाडी येथे झाले, तर सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा सामना नेरूळला झाला.

नव्या स्टेडियमच्या बाजूचे मुद्दे

नव्या स्टेडियमच्या समर्थनार्थ पुढील मुद्दे मांडले जातात.

वेळापत्रकावरील नियंत्रण. भाडेकरू संघाला मैदानाच्या तारखा, प्रकाशझोत, गवताची निगा आणि दुरुस्ती यांसाठी मालक संस्थेवर अवलंबून राहावे लागते. बहुउद्देशीय संकुलांत खेळाखेरीज इतर कार्यक्रमही होतात. इ.स. १९९६ मध्ये गायक मायकल जॅक्सन यांचा मुंबईतील कार्यक्रम अंधेरीच्या याच संकुलात झाला होता.

आंतरराष्ट्रीय पात्रता. आशियाई स्पर्धांसाठी आसने, प्रकाशयोजना, खेळाडूंच्या खोल्या आणि पत्रकारांच्या सोयी यांचे निकष देशांतर्गत स्पर्धांपेक्षा कडक असतात. केवळ फुटबॉलसाठी आखलेले स्टेडियम हे निकष मुळापासूनच विचारात घेऊ शकते.

उत्पन्नाचे मार्ग. तिकिटांखेरीज खाद्यपदार्थांची दुकाने, जाहिरात फलक, नामकरण हक्क आणि संघाच्या वस्तूंची विक्री यांतील मोठा वाटा स्टेडियमच्या मालकाकडे जातो.

ओळख आणि परंपरा. संघाचे घर वारंवार बदलत राहिले, तर कुटुंबासह दर हंगामात येणारा निष्ठावान प्रेक्षक तयार होण्यास वेळ लागतो.

विरोधातील मुद्दे

प्रेक्षकसंख्येची अनिश्चितता. जून २०१८ मध्ये अंधेरीत झालेल्या आंतरखंडीय चषक स्पर्धेत चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यात कर्णधार सुनील छेत्री यांनी तीन गोल केले आणि भारताने ५-० असा विजय मिळवला. तो सामना पाहण्यास अडीच हजारांच्या आसपासच प्रेक्षक आले होते. दुसऱ्या दिवशी छेत्री यांनी चित्रफितीद्वारे चाहत्यांना मैदानात येण्याची विनंती केली. ४ जून रोजी केनियाविरुद्धच्या, म्हणजे छेत्री यांच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याला तेच मैदान तुडुंब भरले. विरोधक पहिल्या सामन्याचा दाखला देतात आणि समर्थक दुसऱ्याचा. आसनक्षमता आणि उपस्थिती यांचा संबंध सरळ नसतो, हे मात्र दोन्ही सामन्यांतून दिसते.

लीगचे अस्थैर्य. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातील इ.स. २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. त्याच्या नूतनीकरणाबाबत निर्णय न झाल्याने जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढील हंगाम स्थगित करण्यात आला. स्टेडियमची गुंतवणूक वसूल होण्यास काही दशके लागतात. पुढील हंगाम केव्हा सुरू होईल हेच अनिश्चित असताना इतक्या दीर्घ मुदतीचे कर्ज घेणे कोणत्याही संघाला जोखमीचे ठरते.

वापराचे मोजके दिवस. तेरा संघांच्या लीगमध्ये प्रत्येक संघाला साखळी फेरीत १२ घरचे सामने मिळतात. उरलेल्या ३५३ दिवसांत स्टेडियमचे काय करायचे, याचे उत्तर बांधकामाआधीच शोधावे लागते.

खर्चाचा हिशेब

प्रश्नाचे आर्थिक स्वरूप समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. तिकिटाची सरासरी किंमत ३०० रुपये, आणि हंगामातील १२ ही सामन्यांना स्टेडियम पूर्ण भरलेले, असे गृहीत धरू.

७,००० आसनांच्या मैदानात हंगामभरात ८४,००० तिकिटे विकली जातील आणि २ कोटी ५२ लाख रुपये जमा होतील. २०,००० आसनांच्या स्टेडियममध्ये २ लाख ४० हजार तिकिटांतून ७ कोटी २० लाख रुपये मिळतील. म्हणजे मोठ्या स्टेडियममुळे होणारी वाढ ४ कोटी ६८ लाख रुपयांची असेल. नव्या स्टेडियमला ५०० कोटी रुपये खर्च आला आणि ते कर्ज दरसाल ८ टक्के व्याजाने घेतले, तर केवळ व्याजच वर्षाला ४० कोटी रुपये होते. मुद्दलाची परतफेड, वीज, सुरक्षा आणि देखभाल यांचा खर्च वेगळाच.

यावरून असे दिसते की, तिकीटविक्रीतून स्टेडियमचा खर्च भागत नाही. त्यासाठी दुकाने, कार्यालये, कार्यक्रम, सभासदत्व किंवा सरकारी साहाय्य यांपैकी कशाचा तरी आधार घ्यावा लागतो. सरकारी जमीन किंवा निधी मिळाला की प्रकल्प खासगी राहत नाही आणि त्या बदल्यात नागरिकांना काय मिळाले, हा प्रश्न उपस्थित होतो.

जमिनीचा प्रश्न

फुटबॉलचे प्रमाणित मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन एकरांच्या आसपास होते. प्रेक्षकसज्जे, प्रवेशमार्ग, वाहनतळ आणि आपत्कालीन मार्ग धरले की आवश्यक जागा याच्या कित्येक पट होते. मुंबई उपनगरात एवढा सलग भूखंड मिळणे दुरापास्त आहे.

नकाशावर मढ-मार्वे परिसर मोकळा दिसतो, परंतु तेथील मोकळीक फसवी आहे. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस मालाडची खाडी असल्याने या भागाला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. खाडीकाठी तिवरांची वने असून मुंबई उच्च न्यायालयाने इ.स. २००५ पासून तिवरे तोडण्यावर कडक बंधने घातली आहेत. इ.स. २०२३ मध्ये याच परिसरातील चित्रीकरणाचे काही मोठे स्टुडिओ किनारा नियमनाच्या उल्लंघनाच्या कारणावरून पाडण्यात आले. कोळीवाड्यांतील जी जागा बाहेरच्या माणसाला रिकामी वाटते, ती मासळी वाळवण्याची, जाळी विणण्याची आणि होड्या ओढून ठेवण्याची, म्हणजे रोजच्या उपजीविकेची जागा असते. शिवाय सामना संपल्यावर हजारो माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. मालाडकडे जाणारा एक रस्ता आणि तरीची सेवा यांवर हा भार पेलणे कठीण आहे.

उपनगराच्या अन्य भागांतही अशाच अडचणी आहेत. गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झालेल्या वृक्षतोडीवरून इ.स. २०१९ मध्ये तीव्र आंदोलन झाले. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. कांजूरमार्ग ते मुलुंड या पट्ट्यातील मिठागरांच्या जमिनींचा वापर हाही वादाचा विषय राहिला आहे. त्यामुळे ‘नवे स्टेडियम कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या कोणत्या तरी गरजेच्या जागेकडे बोट दाखवते.

अन्य ठिकाणांचे अनुभव

वानखेडे स्टेडियम, मुंबई. इ.स. १९३७ मध्ये सुरू झालेले ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे होते. कसोटी सामन्यांच्या तिकिटवाटपावरून हा क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात वारंवार मतभेद होत. अखेर संघटनेने शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने जवळच स्वतःचे स्टेडियम उभारले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. भाडेकरूने स्वतःचे घर बांधल्याचे मुंबईतील हे सर्वांत ठळक उदाहरण आहे. तथापि क्रिकेटला त्या वेळी हमखास गर्दी लाभत होती आणि ब्रेबॉर्नला दीर्घकाळ कसोटी सामन्यांवाचून राहावे लागले, याही बाजू त्यात आहेत.

बालेवाडी, पुणे. इ.स. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात पुढे पुणे एफ.सी. आणि एफ.सी. पुणे सिटी हे व्यावसायिक संघ खेळले. दोन्ही संघ आज अस्तित्वात नाहीत. एफ.सी. पुणे सिटी इ.स. २०१९ मध्ये बंद झाला. संकुल सार्वजनिक असल्यामुळे संघ गेल्यावरही ते उपयोगात राहिले. हेच स्टेडियम एखाद्या संघाच्या खासगी मालकीचे असते, तर संघाबरोबर त्याचेही भवितव्य अनिश्चित झाले असते.

कोल्हापूर. राजर्षी शाहू मैदानावरील स्थानिक स्पर्धांना मोठी गर्दी होते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ हे संघ पेठांचे आणि तालमींचे असून त्यांचे चाहते पिढीजात आहेत. यांपैकी एकाही संघाच्या मालकीचे मैदान नाही. सगळे एकाच मैदानावर खेळतात आणि त्यामुळेच ते मैदान साऱ्या शहराचे झाले आहे.

मँचेस्टर, इंग्लंड. सिटी फुटबॉल ग्रुप या समूहाने इ.स. २०१९ मध्ये मुंबई सिटीतील ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. या समूहाचा मुख्य संघ मँचेस्टर सिटी हाही स्वतःच्या मालकीच्या स्टेडियममध्ये खेळत नाही. इ.स. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेले स्टेडियम त्यातील धावमार्ग काढून, मैदान खोल करून आणि आसने वाढवून इ.स. २००३ मध्ये संघाला भाडेपट्ट्याने देण्यात आले. मालकी तेथील नगर परिषदेकडेच राहिली.

आर्सेनल, लंडन. या संघाने इ.स. २००६ मध्ये सुमारे ३८ हजार क्षमतेचे हायबरी सोडले आणि सुमारे ६० हजार क्षमतेचे नवे स्टेडियम बांधले. त्याला ३९ कोटी पौंडांच्या आसपास खर्च आला. सामन्यांचे उत्पन्न वाढले, परंतु कर्जफेडीमुळे पुढील काही वर्षे खेळाडूंवरील खर्चाला मर्यादा पडली.

पर्यायी मार्ग

नवे स्टेडियम आणि जैसे थे परिस्थिती या दोन टोकांच्या मध्ये काही पर्याय संभवतात.

पहिला पर्याय अंधेरीच्या मैदानाचा टप्प्याटप्प्याने विस्तार करण्याचा आहे. प्रेक्षकसज्जे वाढवणे, प्रकाशयोजना आणि खेळाडूंच्या सोयी आशियाई निकषांनुसार करणे आणि त्या बदल्यात संघाला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देणे, असे त्याचे स्वरूप असू शकते. जमीन नव्याने मिळवावी लागत नाही आणि मेट्रोची सोय आधीपासून आहे, हे त्याचे लाभ. संकुलात पोहण्यासाठी आणि इतर खेळांसाठी येणाऱ्या नागरिकांची जागा आक्रसण्याची शक्यता ही त्याची मर्यादा.

दुसरा पर्याय दोन मैदानांचा आहे. नेहमीचे सामने अंधेरीत आणि मोठी गर्दी अपेक्षित असलेले सामने नेरूळला, अशी विभागणी करता येते. खर्च कमी होतो, मात्र संघाला एक कायमचे घर मिळत नाही.

तिसरा पर्याय सरावाच्या मैदानांवर भर देण्याचा आहे. नैसर्गिक गवत रोजचा सततचा वापर सोसू शकत नाही. त्यामुळे व्यावसायिक सामन्यांसाठी राखलेले मैदान शाळकरी मुलांना सहसा खुले करता येत नाही. कृत्रिम हिरवळीवर दिवसभर खेळता येते. कूपरेज आणि वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानांवर अशी हिरवळ आहे. स्टेडियमच्या खर्चाचा अल्पांश वापरून उपनगरांत अशी अनेक मैदाने तयार होऊ शकतात आणि उद्याचे खेळाडू व प्रेक्षक तेथूनच येतात, असे या पर्यायाचे समर्थक मानतात.

मूल्यमापनाचे निकष

कोणत्याही प्रस्तावाची पारख करताना काही प्रश्न उपयुक्त ठरतात. जमीन कोणाची आहे आणि भाडेपट्टा संपल्यावर ती कोणाकडे जाईल? सामने नसलेल्या दिवसांत मैदान कोणाला खुले असेल आणि किती शुल्कात? रात्री दहा वाजता सामना संपल्यावर शेवटचा प्रेक्षक कोणत्या सार्वजनिक वाहनाने घरी जाईल? जागेवर आज कोणाची उपजीविका चालते? आणि संघ बंद पडला, तर वास्तूचा खर्च कोण उचलेल?

यातील शेवटचा प्रश्न मुंबईच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. कूपरेजवर खेळलेले बहुतेक नामवंत कंपनी संघ आज उरलेले नाहीत. कूपरेज मात्र टिकले आहे आणि तेथे आजही फुटबॉल खेळला जातो. मुंबईत संघांपेक्षा मैदानाचे आयुष्य अधिक ठरले, या अनुभवामुळे नव्या स्टेडियमची चर्चा संघाच्या गरजेपुरती मर्यादित न राहता शहराच्या मोकळ्या जागांच्या चर्चेशी जोडली जाते.